साखरचं ऑपरेशन

आमच्या साखरचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात अडीच महिने चर्चा चालली. मोठ्या मुलीच्या सोयरिकीलाही एवढा वेळ लागला नव्हता, असं सासूबाई म्हणतात. साखर म्हणजे आमची मांजर. पांढरीशुभ्र, फक्त शेपटीवर करडा पट्टा. पणदऱ्यात राहून मांजरीचं दुसरं नाव तरी काय ठेवणार? चारी बाजूंना ऊस, आणि हंगामात वाऱ्यावर मळीचा वास.

ती आमच्याकडे आली ती गोणीतून. कॅनॉलच्या भरावावर कोणीतरी खताच्या गोणीत चार पिल्लं बांधून टाकून दिली होती. मुलांचे अब्बा सकाळी शेळ्यांसाठी पाला आणायला गेले, तेव्हा त्यांना गोणी हललेली दिसली. तीन पिल्लं गेलेली होती, एक जिवंत. धाकट्या लेकीने ड्रॉपरने दूध पाजून ती जगवली. त्याआधी आमच्याकडे दोन मांजरं होऊन गेली, दोन्ही रस्त्यावर मेली. आमचं घर नीरा-बारामती रस्त्याला लागून आहे. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, वर मोठ्याने गाणी लावलेली. त्यांना माणूस दिसत नाही, तिथे मांजर काय दिसणार. म्हणून साखरला बाहेर सोडायचंच नाही, असं लेकीने ठरवलं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, दाराला खाली फळी लावली. गावात मांजर घरात कोंडून ठेवतात हे ऐकून लोक हसले. हसू देत.

साधारण सात महिन्यांची झाली तेव्हा रमजान सुरू होता. एका रात्री आम्ही बायका घरात तरावीह पढत होतो आणि साखर ओरडायला लागली. आधी वाटलं, पोटात दुखतंय. जमिनीवर लोळायची, पाय घासायची, मागचा भाग वर करून उभी राहायची, आणि आवाज असा की लहान मूल रडतंय. सासूबाईंनी सलाम फेरला आणि एका वाक्यात निदान केलं, "माजावर आलीय." शेळ्या पाळणाऱ्या घरातली बाई, तिला डॉक्टरची गरज नाही.

सहा दिवसांनी शांत झाली. आम्ही सुटकेचा श्वास सोडतोय तोवर पंधरा-सतरा दिवसांनी पुन्हा सुरू. शिवाय आता बाहेर मजनू जमायला लागले. गुऱ्हाळावरचा एक पिवळा दांडगा बोका रोज मगरिबनंतर हजर. तो आमच्या दाराच्या चौकटीवर, पायऱ्यांवर धार सोडून जायचा. त्या वासाने जीव नकोसा होतो. मांजरीच्या उष्ट्याबद्दल आपल्या दीनमध्ये सवलत आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी सुनेने वुजूसाठी ठेवलेलं भांडं मांजरीपुढे कलतं केलं, तिला पाणी पिऊ दिलं, आणि ती नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकीच आहे असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचं सुनेला ऐकवलं. पण ही सवलत तोंडापुरती. मूत नापाकच. माझा मुसल्ला पुढच्या खोलीत, दाराजवळ. रोज उंबरा धुवायचा, मग नमाज. मुलांचे अब्बा वैतागून म्हणाले, "सोडून दे बाहेर, जाऊ दे तिला." लेक रडायला लागली. मग ऑपरेशनचा विषय निघाला.

बारामतीत एका खासगी पशुवैद्यांना दाखवलं. डॉक्टर बोलके निघाले, अर्धा तास समजावून सांगितलं. मांजरीचं गायीसारखं नसतं. गायीचा माज येतो आणि जातो. मांजरीचं बीज मात्र नराशी संबंध आल्यावरच सुटतं. तो आला नाही तर माज काही दिवस ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येतो, परत येतो, परत येतो. दिवस मोठे व्हायला लागले की हे सुरू होतं, आणि आपल्याकडे थंडी ती किती, त्यामुळे वर्षाचा बराचसा काळ चालू राहतं. नर मिळाला तर दोन महिन्यांत पिल्लं, एका खेपेला चार तरी, आणि वर्षात दोन-तीन खेपा. घरात कोंडलेल्या, ऑपरेशन न केलेल्या मांजरीला पुढे गर्भपिशवीत पू होण्याचा धोका असतो, त्यात जीवही जातो. स्तनाच्या गाठी होतात आणि मांजरीत त्या बहुतेक वेळा कॅन्सरच्या निघतात. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

मी विचारलं, "इंजेक्शन मिळतं म्हणे, माज थांबवायचं?" गावातल्या एकाने सुचवलं होतं. कोणी बायकांच्या पाळणा लांबवायच्या गोळ्याही देतात. डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, ती हार्मोनची औषधं आहेत, त्यांनीच पिशवीत पू होतो, गाठी येतात. स्वस्त पडतात, पण मांजर महाग पडतं.

"निदान एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना?" हा प्रश्न सासूबाईंचा होता, मी फक्त पोचवला. त्याची वैद्यकीय गरज अजिबात नाही, असं उत्तर मिळालं. सासूबाईंना ते पटलं नाही. "आई होऊ द्या की तिला एकदा," म्हणायच्या. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. सात लेकरं वाढवलेली बाई आहे. पण मग मी एक काम केलं. पिल्लं झालीच तर कोण घेईल, हे ओळखीच्या घरांत विचारून आले. आमच्या आळीत, मशिदीमागे, वस्तीवर. चार घरं तयार झाली. चौघांनी एकच अट घातली, "बोका असेल तर द्या, भाटी नको." भाटी वाढवली की पुन्हा पिल्लं, कोण निस्तरणार? म्हणजे ज्या पिल्लांना घर मिळणार नाही ती सगळ्या माद्या, आणि त्यांच्यासाठी पुन्हा खताची गोणी. साखरच्या आईचंही असंच झालं असणार. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा 'आई होऊ द्या' म्हणाल्या नाहीत. मुलींबद्दल चार घरं काय बोलतात हे त्यांनीही आयुष्यभर ऐकलेलं आहे.

आता राहिला दीनचा प्रश्न, आणि तो आणला माझ्या धाकट्या जावेने. ती चिपळूणची. कोकणातले आपले लोक शाफई, आम्ही इकडचे हनफी. एरवी हा फरक आमच्या घरात हात बांधण्यापुरता आणि आमीन मोठ्याने म्हणण्यापुरता जाणवतो. पण ऑपरेशनचं ऐकताच ती म्हणाली, "भाभी, आमच्यात हे जायज नाही." तिच्या वडिलांनी लहानपणी शिकवलेलं तिला पाठ होतं. ज्याचं मांस खातात ते जनावर लहान असताना खच्ची करता येतं, पण जे खात नाहीत ते मोठं-लहान कोणतंही खच्ची करू नये. शाफई मजहबाच्या जुन्या किताबांत, इमाम नववींकडे, खरंच असं आहे. शिवाय तिने सूरह निसामधली ती आयत काढली, ज्यात सैतान म्हणतो की मी माणसांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावीन. काही मुफस्सिरांनी या बदलाचा अर्थ खच्ची करणं असा घेतला आहे, काहींनी अल्लाहचा दीन बदलणं असा.

मी जरा गप्प झाले. कारण एक गोष्ट मला टोचत होती. अंगणात त्याच वेळी आमचे दोन बोकड बांधलेले होते, बकरी ईदसाठी वाढवलेले. दोन्ही खस्सी. सरकारी दवाखान्यातून चिमटा लावून आणलेले. आजेसासऱ्यांच्या काळात बैल बडवायचे, तेही भूल न देता, पाय बांधून. अख्ख्या गावात कोणी त्यासाठी कधी मौलानांकडे मसला विचारायला गेलं नाही. प्रेषितांनी (स.) खच्ची केलेल्या दोन मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची रिवायत आहे, ती सगळ्यांना ठाऊक. जनावर कामाचं किंवा खाण्याचं असलं की आपल्याला प्रश्न पडत नाही. मांजर आलं, आणि तेही भूल देऊन, टाके घालून करायचं, तेव्हा प्रश्न पडला. अर्थात जावेचा मजहब नेमका हाच फरक करतो, तेव्हा तिचं बोलणं तर्काला सोडून नव्हतं. ती तिच्या जागी बरोबर होती.

मुलांचे अब्बा मशिदीत हाफिजसाबांना विचारून आले. हाफिजसाबांनी दोन दिवस मागून घेतले, त्यांच्या उस्तादांना फोन केला, आणि मग जे सांगितलं त्याने आम्ही सगळे थक्क झालो. मला वाटत होतं, मांजरीचं ऑपरेशन ही आजकालची, शहरातली गोष्ट. पण फतावा आलमगिरीत मांजरीचा नाव घेऊन मसला आहे! औरंगजेबाच्या काळात, शेख निजाम बुरहानपुरींच्या देखरेखीखाली आलिमांनी मिळून जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात मांजर खच्ची करण्यात फायदा असेल किंवा त्रास टळत असेल तर हरकत नाही, असं आहे. बुरहानपूर म्हणजे आपल्या जळगावच्या पलीकडचं. आणि तिकडे दमिश्कमध्ये, त्याच शतकात, अल्लामा हसकफींनी 'दुर्रे मुख्तार'मध्ये जनावरांबद्दल लिहिताना मुद्दाम मांजरीचाही उल्लेख केला. साडेतीनशे वर्षांपूर्वीही कोणाच्या तरी उंबऱ्यावर पिवळा बोका येत असणार, त्याशिवाय एवढ्या मोठ्या आलिमांपुढे हा प्रश्न गेला नसता. जुन्या किताबांत बोलणं नराचं आहे. आजचे हनफी मुफ्ती तोच नियम मादीलाही लावतात, असं हाफिजसाबांनी सांगितलं. पण जाता जाता त्यांनी अट बजावली. फायदा असला पाहिजे, किंवा नुकसान टळलं पाहिजे. उगाच, हौसेसाठी केलं तर तेच हराम. आणि माणसाच्या बाबतीत तर कोणत्याही परिस्थितीत हरामच.

मुलांचे अब्बा म्हणाले, "झालं, सुटला प्रश्न." मला मात्र तिथून खरा प्रश्न सुरू झाला. फायदा, पण कोणाचा?

हे माझ्या डोक्यात आलं ते एका बाईमुळे. आमच्या शेजारच्या रानात यंदा बीडकडची ऊसतोड टोळी उतरली होती. कोप्यांत पाण्याची सोय नाही, म्हणून त्या बाया आमच्या बोअरवर यायच्या. हंगाम संपत आला होता, गावी परतायची तयारी चाललेली. एक जण हंडा भरताना साखरकडे जाळीतून बघत होती. मी बोलता बोलता सांगितलं की हिचं ऑपरेशन करायचं चाललंय. ती म्हणाली, "मांजरीची पन पिशवी काढत्यात व्हय?" आणि हसली. मग तिने आपलं सांगितलं. पांढरं जात होतं, कंबर दुखत होती, डॉक्टरने पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल असं सांगितलं. तिशीसुद्धा आली नव्हती तेव्हा पिशवी काढली. "बरं झालं एका परीनं, खाडे पडत न्हाईत," असंही म्हणाली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. बीडच्या ऊसतोड बायकांचा हा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ते आपण पेपरात वाचलं. पेपरात वाचणं वेगळं. ही बाई माझ्या बोअरवर हंडा भरत उभी होती.

माणूस आणि मांजर एक नाही, हे मला कळतं. किताबांनीही ते एका वाक्यात वेगळं केलं आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्या शरीराचा निर्णय ज्यांच्या सोयीचा होता त्यांनी तो 'तुझ्या तब्येतीसाठी' म्हणून सांगितला. मग आम्ही काय करतोय? उंबरा धुवायचा कंटाळा आला म्हणून मांजरीच्या तब्येतीचं नाव घेतोय का?

म्हणून मी साखरच्या बाजूने हिशेब मांडला. तिला आम्ही कोंडलं आहे, ही पहिली गोष्ट. आपण लहानपणापासून त्या बाईची हदीस ऐकतो, जिने मांजर बांधून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर शोधून खायलाही सोडलं नाही, आणि त्यापायी ती जहन्नममध्ये गेली. आपण ही हदीस नेहमी खाण्यावर थांबवतो. आमची मांजर तर कोंबडीच्या काळजाशिवाय जेवत नाही, मग आपण सुटलो. पण मला त्या हदीसमध्ये कोंडणंही तितकंच ऐकू येतं. ज्याला तू कोंडलंस त्याची गरज भागवणं आता तुझ्यावर आहे. साखरची भूक आम्ही भागवतो, आणि दर पंधरवड्याला तिच्या अंगात जी आग उठते तिचं काय? तिला ना बाहेर सोडतो, ना ती आग विझवतो. ती जाळीवर डोकं घासते, खाणं सोडते, रात्ररात्र रडते. सोडावं तर ट्रॅक्टर. सोडून जगली तर गोणी. काहीच न करणं हे मला दया वाटेना, तो जुलूम वाटायला लागला. आमची सोयही त्यात आहे, ती कशाला लपवू? उंबरा कोरडा राहील, झोप मिळेल. पण आमची सोय वजा केली तरी तिच्या बाजूला पुरेसं उरत होतं, हे मी स्वतःशी पक्कं केलं आणि मगच हो म्हटलं.

जावेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही हनफी, तुमचं तुमच्या मजहबाने. माझ्या घरी असती तर मी केलं नसतं." विषय संपला. मला हे आवडतं. दोन मजहब एका घरात नांदतात ते असंच, कोणीही दुसऱ्याला गुन्हेगार न ठरवता.

ज्या घरांत हा विचार चालू असेल त्यांच्यासाठी पुढचं थोडं सविस्तर सांगते. माज चालू असताना रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टरांनी तो ओसरल्यावरची तारीख दिली. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत. लेक म्हणाली, साखरचा राहिलेला रोजा. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटवर दुसरं क्रेट उलटं बांधून त्यात नेली. मोटारसायकलवर पिशवीत घालून मांजर नेऊ नका, भुलीनंतर परत येताना तर मुळीच नाही. शेजाऱ्यांची गाडी मागितली. दुपारी घरी आणली तेव्हा ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती आणि डोळे उघडे ठेवून झोपली. सासूबाई घाबरल्या. भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. पहिली रात्र जमिनीवरच, गोधडीवर. उंचावर ठेवलं तर पडतं.

गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर तिने तासाभरात काढून टाकली. मग मी मुलाच्या जुन्या टी-शर्टची बाही कापली, चार पायांना चार भोकं पाडली आणि पाठीवर नाड्या लावून अंगरखा शिवला. तो दहा दिवस टिकला, टाके काढेपर्यंत. शिलाई मशीन घरात असेल तर कॉलरचे पैसे वाचवा. पण दोन गोष्टींत काटकसर नको. दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. आणि ती बसते तिथे फिनाईलने पुसू नका, तेही त्यांना विषच. साबणाचं पाणी पुरे. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून खाणं साधारण पाव हिस्सा कमी करायला सांगितलंय. ते लेकीला जमत नाही. साखर आता गोल व्हायला लागली आहे. रेबीजची लस त्याआधीच देऊन घेतली होती, ती दरवर्षी द्यायची. घरातलं मांजर असलं तरी.

खर्च साडेतीन हजार आला. मुलांच्या अब्बांनी तो बोकडाच्या हिशेबातून दिला आणि महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले.

पिवळा बोका अजून येतो. साखर ओरडत नाही, तरी सवय म्हणून उंबऱ्यावर हजेरी लावतोच. नराचं ऑपरेशन सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही, खर्चही कमी. गुऱ्हाळवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "न्या की, सापडला तर." मुलांच्या अब्बांनी लोखंडी पिंजरा आणलाय, आत रोज बांगड्याचं डोकं ठेवतात. दोनदा डोकं गेलं, बोका नाही सापडला.